दाढीच्या डब्यातल्या गोळ्या

मी वाचायला शिकले ती संशयापायी. लग्न होऊन उंब्रजजवळच्या ह्या गावात आले तेव्हा आमचे मालक फौजेत होते. त्यांची पत्रं गावातले एक गुरुजी वाचून दाखवायचे. पत्र असायचं चांगलं दोन पानांचं, आणि गुरुजींचं वाचन अर्ध्या मिनिटात संपायचं. "खुशाल हाय, काळजी करू नका, म्हशीला जपा." एवढंच? दोन पानं भरून माणूस म्हशीबद्दल लिहील होय? मग मी नणंदेच्या पहिलीच्या पुस्तकावरनं, चुलीपुढच्या राखेत बोट फिरवत अक्षरं गिरवली. सहा महिन्यांनी ट्रंकेतली जुनी पत्रं काढून वाचली, तर गुरुजी बिचारे लाजेनं मधलं सगळं गाळत होते. काय गाळत होते ते काही मी इथं लिहीत नाही. पण तेव्हापासून माझ्या मनानं घेतलं की आपला संशय सहसा खोटा निघत नाही.

घरात ह्याची सगळे चेष्टा करतात. गॅसची टाकी आली की मी हलवून बघते. गोळ्यांचं पाकीट आलं की तारीख वाचते, आणि मग ती तारीख खरी कशावरनं, असंही मनात येतं. सून म्हणते, "आत्या, तुमी पोलिसात पायजे हुता." मी म्हणते, "पोलिसांवर तरी कुणी नदर ठेवायची?"

ही रक्ताची गोळी आमच्या घरात आली तीन वर्षांमागं. ह्यांना पायऱ्या चढताना दम लागायला लागला, छातीत मासळी फडफडल्यासारखं व्हायचं. मुलानं कराडला नेलं. डॉक्टरांनी छातीची पट्टी काढली आणि म्हणाले, "ठोका नियमित पडत नाही. मधेच थबकतो, मधेच पळतो. अशानं आत रक्त साकळतं, त्याची गुठळी होते. ती मेंदूत जाऊन अडकली की अंगावरनं वारं गेलं म्हणून समजा. म्हणून रक्त पातळ करायची गोळी द्यायची. सकाळी एक, संध्याकाळी एक. चुकवायची नाही, आणि मनानं बंद करायची नाही."

आता तुम्हीच सांगा, आमच्यात पातळ म्हणजे काय? दूध पातळ, म्हणजे पाणी घातलेलं. आमटी पातळ, म्हणजे पाहुणे जास्त आणि डाळ कमी. चांगल्या गोष्टीला आम्ही कधी पातळ म्हणत नाही. आणि ज्या माणसानं पंचवीस वर्षं फौजेत काढली, बर्फात उभा राहिला, त्याचं रक्त पातळ करायचं? मी डॉक्टरांना विचारलंही, "आवं, पर पातळ करून अंगात ताकद कशी ऱ्हायची?" ते हसले. हसणाऱ्या डॉक्टरवर माझा विश्वास कमीच.

गोळ्या माजी सैनिकांच्या दवाखान्यातनं मिळायच्या. सुनेनं कराडहून चौदा खणांचा एक प्लॅस्टिकचा डबा आणला, सात दिवस, सकाळ आणि संध्याकाळ. रविवारी ती तो भरायची. हे सकाळी दाढी करून, आंघोळ करून, खण उघडून गोळी घ्यायचे.

पंधरा-वीस दिवसांत मला दिसायला लागलं. ह्यांच्या अंगावर निळे डाग. खाटेची कड लागली, डाग. बैलानं शिंग नुसतं टेकवलं, डाग. उसाचं पान हाताला चरचरत गेलं की आमच्या सगळ्यांच्या हाताला रेघ उठते आणि विसरून जातो, पण ह्यांचं रक्त कोपरापर्यंत ओघळायचं. दाढी करताना कापलं तर तुरटीचा खडा धरून बसायचे, चहा निवून जायचा तरी थांबत नसे. मी त्या गोळीकडं बघायची. एवढीशी गोळी, चण्याच्या डाळीएवढी, आणि माणसाचं कातडं कागदासारखं करून ठेवलं.

आता पालखीचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. आमच्या गावच्या देवाची जत्रा चैत्रात असते. पहिल्या दिवशी सकाळी पालखी देवळातनं उठते ती वेशीपर्यंत जाते. ह्या वाटेवर पुढच्या दांडीला पहिला खांदा आमच्या घराचा. सासऱ्यांचा होता, त्यांच्या आधी त्यांच्या वडिलांचा, मग ह्यांचा. फौजेत असताना सुट्टी मागायचे ती दिवाळीची नव्हे, जत्रेची. पालखी जड आहे, वाट दगडाधोंड्यांची, आणि खांदा मधे बदलायचा नाही असा रिवाज. बदलला की मान पुढच्या घराचा. पुढचं घर म्हणजे माझे चुलत दीर.

गोळी सुरू झाल्यावरच्या पहिल्या वर्षी ह्यांना कसला तरी ताप होता, म्हणून मुलानं खांदा दिला. त्याच्या पुढच्या वर्षी ह्यांनी दिला. संध्याकाळी सदरा काढला तर खांदा पिकल्या जांभळासारखा. गळ्यापासून दंडापर्यंत काळानिळा. मुलगा घाबरला, डॉक्टरांना फोटो पाठवला. डॉक्टर म्हणाले, ह्यांनी असलं वजन घ्यायचं नाही. मुलानं तिथंच सांगितलं, "बाबा, पुढच्या साली तुमी खांदा द्यायचा न्हाई." मग तू दे म्हणावं, तर त्याच वर्षी ट्रॅक्टरवरनं पडून त्याच्या खांद्यात सळई बसली होती.

गोष्ट गावभर झाली. चुलत दीर पारावर म्हणाले, "फौजीभाऊ, आता तुमी नारळ धरून म्होरं चाला. दांडी आमी बगतो." सगळे हसले म्हणे. हे घरी आले. त्या दिवशी संध्याकाळी गोळी घेताना त्यांनी ती तळहातावर धरून बराच वेळ बघितली. ते मी बघितलं. मी सगळं बघते.

त्यात माझ्या भावाचं झालं. माझं माहेर आटपाडीकडं. माझ्या मोठ्या भावाला हीच गोळी, ह्यांच्याही आधी चार वर्षं चालू. माणूस नेमाचा. मेंढरं मोजावीत तशी गोळी मोजून घेणारा, एक दिवस चुकलेला नाही. आणि त्या माघात एक दिवस सकाळी भाकरी मोडता मोडता त्याच्या हातातनं तुकडा पडला. तोंड थोडं वाकडं झालं, 'शेरडं' म्हणायचं तर शब्द येईना. सांगलीला नेला. मी दोन एसट्या बदलून बघायला गेले तर हा खाटेवर बसून बशीत चहा ओतून पितोय.

"कसं हाय रं दादा?"

"बरं हाय की. बोटं जरा मुरगाळल्यागत हायती."

"आन गोळी?"

"घेत हुतो की. गोळी खाऊन बी झटका आलाच बग."

हे वाक्य मी पदरात बांधून घरी आणलं. गोळी खाऊन बी आलाच. मग कशाला खायची? डाग पडायला? घरी आल्यावर मी ते सगळ्यांना सांगितलं, ह्यांच्यासमोर, जेवताना. दोनदा सांगितलं. भाऊ बशीत चहा पीत होता, आठ दिवसांत शेरडांमागं हिंडायला लागला, हेही मी सांगितलं, पण ते दुसरं काहीतरी म्हणून सांगितलं. ह्या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून बघायचं माझ्या संशयी डोक्यात आलं नाही.

जत्रा जवळ आली. घर सारवलं, भांडी उजळली. एक दिवस सकाळी हे अंगणात खुंटीला आरसा अडकवून दाढी करत होते, मी समोर तांदूळ निवडत होते. हनुवटीला पातं लागलं. लाल ठिपका आला. मी सवयीनं तुरटी द्यायला उठले, तर ह्यांनी पाण्याचा हात फिरवला आणि रक्त थांबलेलं. लगेच. मी जवळ गेले.

"काय बगतीस?"

"कापलं नव्हं तुमाला?"

"कापलं की."

"मग रगात कुटं हाय?"

"तुला काय, बादलीभर पायजे व्हय?"

 मग मी त्यांचे हात बघितले. दंडावरचा जुना डाग पिवळा पडून गेलेला, नवा एकही नाही. आदल्या दिवशी तर ह्यांनी मांडवाचे वासे उतरवले होते. मी आत जाऊन चौदा खणांचा डबा उघडला. कालचे दोन्ही खण मोकळे, परवाचे मोकळे. सून म्हणाली, "घेत्यात की मामा, मी बगती रोज खण मोकळा." मी म्हणाले, "खण मोकळा म्हंजे गोळी पोटात गेली असं कुटं हाय?"

मग मी शोधायला लागले. तुळशीची माती उकरली. गादीखाली बघितलं. कोंबड्या जास्तच चोच मारतात तिथं बघितलं. काही नाही. मग मला वाटलं, फौजी माणूस. सरकारी माल हा टाकणार नाही. ह्यांनी अजून फौजेतला फाटका कांबळ्याचा तुकडा टाकलेला नाही, तर गोळी काय टाकतील. ठेवली असणार, आणि ठेवली असणार ती जिथं कुणी हात घालत नाही तिथं.

ह्यांचा दाढीचा एक पत्र्याचा डबा आहे. ब्रश, पाती, तुरटी, छोटी कात्री. त्याला मी सुद्धा हात लावत नाही, पात्याची भीती म्हणून. हे आंघोळीला गेले तसा मी तो उघडला. तळाशी पात्यांच्या कागदाखाली वर्तमानपत्राची एक पुडी. आत गोळ्या. बारा. सहा दिवसांच्या.

मला काय वाटलं ते खरं सांगते. राग आला नाही, भीती वाटली नाही. मला बरं वाटलं. माझा संशय खरा निघाला होता. आणि का, ते तर कुणी सांगायची गरजच नव्हती. जत्रेला चार दिवस होते. खांदा काळा पडू नये, मुलाला दिसू नये, पारावरच्यांनी हसू नये, म्हणून ह्यांनी रक्त पुन्हा दाट करायला घेतलं होतं.

मी पुडी होती तशी घडी घालून ठेवली.

बोलायला पाहिजे होतं. मुलाला नाही तर सुनेला, नाही तर ह्यांनाच. पण मी स्वतःला सांगितलं, चार दिवसांनी जत्रा होईल, मग हे आपसूक सुरू करतील. सांगितलं, भावाला गोळी खाऊनही आलाच, तर न खाऊन काय मोठं होणार आहे. आणि एक आणखी, ते लिहायला जड जातंय. त्यांचे हात स्वच्छ दिसत होते. लग्नातले हात आठवावेत असे. मला ते बघायला आवडत होतं.

पण मोजायचं मात्र सोडलं नाही. रोज हे आंघोळीला गेले की मी डबा उघडायची. चौदा. सोळा. अठरा. माझ्या पोटात गोड कळ यायची. घरात कुणाला ठाऊक नाही ते मला ठाऊक आहे, ह्याची.

जत्रेच्या दिवशी पालखी उठायच्या वेळेला चुलत दीर दांडीशी जाऊन उभे राहिले होते, पांढरंधोप धोतर, खांद्यावर टॉवेलाची घडी. गुरव म्हणाला, "पयला खांदा कुणाचा?" तो दरवर्षी विचारतो, उत्तर ठाऊक असलं तरी. तेवढ्यात हे गर्दीतनं पुढं झाले आणि म्हणाले, "आमचा." मुलगा माझ्याकडं बघायला लागला. "आई, सांग की त्यास्नी." मी म्हणाले, "देवाचं हाय, मधी बोलू न्हाई."

हे वेशीपर्यंत गेले. एकदाही खांदा बदलला नाही. घरी येऊन सदरा काढला आणि माझ्यापुढं पाठ करून उभे राहिले. खांद्यावर नुसता तांबूस पट्टा, उन्हात काम केल्यावर असतो तसा. "बग," म्हणाले, "कुटं काय हाय?" मी तेल चोळून दिलं. ते लय खूश होते. मीही होते.

दुसऱ्या दिवशी तिखटाचं, म्हणजे मटणाचं जेवण. घर पाहुण्यांनी भरलेलं, अंगणात बायका कांदा-खोबरं भाजत होत्या. डेअरीची गाडी नुकतीच दूध घेऊन गेली होती. हे खुंटीपुढं दाढी करत होते. डावा गाल झाला होता, उजव्या गालाला फेस होता. वस्तरा हातातनं पडला. मी म्हणाले, "धार गेली का काय?"  ह्यांनी उजवा हात उचलून बघितला, तो आला नाही. माझ्याकडं वळले तर फेसाच्या बाजूचं तोंड खाली ओघळलेलं, जसं कुणी खालनं ओढून धरलंय. काही म्हणायला गेले, नुसता "भ... भ..." आवाज. आणि खाली बसले, तिथंच, पाण्याच्या तांब्यावर.

बायका धावल्या. एक म्हणाली, नजर लागली. दुसरी म्हणाली, काल दांडीला हात लावला तो विटाळात लावला असंल. मला पहिल्यांदा चुलत दिराचं पांढरंधोप धोतर डोळ्यापुढं आलं, त्याचीच नजर, असं वाटलं. सून तेवढी शहाणी. "मामांच्या तोंडात पानी बी घालू नका, सरळ कराड," म्हणाली आणि मुलाला हाक मारली.

गावात रस्ते बंद, पाळणे आणि खेळण्यांची दुकानं लागलेली. वेशीबाहेर फक्त एक जीप उभी होती, चुलत दिरांची. ते स्वतः चालवायला बसले. मी मनात म्हणाले, हा का आलाय? बघायला का मदतीला?  सगळ्या वाटेत त्यांनी हॉर्नवरचा हात उचलला नाही. निघताना मी अंगणातला दाढीचा डबा उचलून पिशवीत टाकला होता. का टाकला, तेव्हा कळलं नाही.

कराडच्या दवाखान्यात लगेच आत घेतलं, डोक्याचा फोटो काढला. एक तरुण डॉक्टरीणबाई बाहेर आली. पोरगी माझ्या नातीच्या वयाची. म्हणाली, "मेंदूत रक्तस्राव नाही, गुठळी अडकली आहे. ती विरघळवायचं इंजेक्शन असतं, पण ते काही तासांच्या आतच द्यावं लागतं. कधी सुरू झालं हे?"

"डेअरीची गाडी गेली तवा," मी म्हणाले. "सात वाजून धा मिन्टं. ती गाडी वेळ चुकवत न्हाई, मी बगते."

"बरं. रक्त पातळ करायची कुठली गोळी चालू आहे का?"

मुलानं खिशातनं गोळीचं पाकीट काढलं, तो हुशार आहे. ते वाचून डॉक्टरीणबाईचं तोंड उतरलं. "शेवटची कधी घेतली?"

"काल संध्याकाळी," मुलगा म्हणाला. "रोज घेत्यात. खण मोकळा असतो."

"मग हे इंजेक्शन देता येणार नाही. गोळीचा असर रक्तात असताना ते दिलं तर डोक्यात रक्तस्राव होऊ शकतो." ती आत वळली.

दार उघडं होतं. मला आत स्ट्रेचरवर हे दिसत होते. अर्धा गाल साफ, अर्ध्यावर फेस सुकून पांढरी पापडी झालेली. डोळे माझ्याकडं. बोलता येत नव्हतं त्यांना, पण ऐकत होते. ते डोळे म्हणत होते, सांगू नकोस. निदान मला तसं वाटलं. फौजेत असताना सोबत्याचं गुपित फोडणाऱ्या माणसाबद्दल ते काय बोलायचे, ते मी ऐकलेलं होतं.

मी म्हणाले, "बाई, थांबा. त्यांनी घेतली न्हाई."

ती थांबली. "काल नाही घेतली?"

"काल न्हाई, परवा न्हाई. अकरा दिवस न्हाई." मी पिशवीतनं डबा काढला, पात्यांचा कागद बाजूला केला आणि पुडी तिच्या हातावर मोकळी केली. "मोजा. बावीस हायत. खणातनं बावीस गेल्या, ह्यात बावीस हायत. एक बी पोटात न्हाई."

तिनं माझ्याकडं संशयानं बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मी लोकांकडं बघते तसं माझ्याकडं बघत होतं. "आजी, तुम्हाला नक्की माहीत आहे? हे फार महत्त्वाचं आहे. अंदाजानं सांगू नका."

"मी रोज मोजत हुते."

ती पळत आत गेली. रक्त तपासायला घेतलं म्हणे, घाईची तपासणी, माझ्या शब्दावर सगळं सोडलं नाही, आणि ते मला आवडलं. तपासणीत माझंच खरं निघालं. मग कागद आणला. मी विचारलं, "सही कशाला?" म्हणाली, "ह्या इंजेक्शननंही कधीकधी रक्तस्राव होतो, ते तुम्हाला सांगितलंय म्हणून." मी मुलाला म्हणाले, कर.

सही करून झाल्यावर तो माझ्याकडं वळला. चुलत दीर भिंतीला टेकून उभे होते, सगळं ऐकत.

"आई, तुला ठाऊक हुतं?"

"व्हय."

"रोज मोजत हुतीस?"

"व्हय."

 तो बाहेर जाऊन जीपच्या बॉनेटला हात लावून उभा राहिला. त्यानंतर आठ दिवस तो माझ्याशी कामापुरतं बोलला.

इंजेक्शन दिल्यावर संध्याकाळपर्यंत ह्यांचा पाय हलला. हात नाही. मी नर्सला म्हणाले, अर्धी दाढी राहिलीय, मी करून देते. ती म्हणाली, "आजी, आज पातं लावायचं नाही, रक्त थांबणार नाही." तो सगळा दिवस आणि दुसरा दिवस हे तसेच पडून होते, एका बाजूनं तरुण आणि एका बाजूनं पांढरे खुंट.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई फेरीला आली तेव्हा मी तिला भावाचं विचारलं. म्हणाले, माझ्या भावाला गोळी खाऊनसुद्धा आला, मग गोळीचा उपेग काय?

"तुमचे भाऊ आता कसे आहेत?"

"शेरडं राखतोय."

 ती म्हणाली, "आजी, गोळी घेतली की झटका कधीच येत नाही असं नाही. पण बहुतेक येत नाही, आणि आला तरी पुष्कळदा बारका येतो. गुठळी लहान राहते. एका माणसाचं खात्रीनं कुणीच सांगू शकत नाही. पण तुमच्या भावाचं गोळी असताना झालं आणि ह्यांचं गोळी सोडल्यावर झालं. तुम्हीच बघा दोघांकडं."

मी बघितलं. सांगलीच्या खाटेवर बशी धरलेला माझा भाऊ, आणि इथं हे, ज्यांच्या हातात मी चमचा दिला तर तो पांघरुणावर पडत होता. दोन्ही गोष्टी दोन महिने माझ्याजवळ होत्या. मी अर्धीच वाचून दाखवली होती. गुरुजींसारखी. फरक एवढाच की गुरुजींनी कुणाचं वाईट केलं नव्हतं.

बारा-तेरा दिवसांनी डोक्याचा दुसरा फोटो काढून गोळी परत सुरू केली. घरी आल्यावर हे काठीनं चालायला लागले. उजवा हात कोपरापासून वर येतो, बोटं मिटत नाहीत. शब्द एकेक करून येतात, विहिरीतनं बादली ओढावी तसे. एक दिवस दुपारी मी त्यांची दाढी करत होते. आता मीच करते. तेव्हा त्यांनी माझं मनगट डाव्या हातानं धरलं.

"तुला... ठावं... हुतं."

"व्हय."

"का... न्हाई..." पुढचं येईना. मी वाट बघितली. "बोल्... लीस."

मी सांगितलं ते एवढंच. "तुमचं हात लय बरं दिसत हुतं."

त्यांनी मनगट सोडलं नाही. बऱ्याच वेळानं तोंडाची बरी बाजू हलली. ते हसले का रडायला आले, मला कळलं नाही. मी अजून त्यावर विचार करते, आणि मला दोन्हींचा संशय येतो.

ह्या वर्षीच्या जत्रेला पहिला खांदा चुलत दिरांनी दिला. त्याआधी ते घरी आले होते. ओसरीवर बसले, चहा घेतला, आणि म्हणाले, "फौजीभाऊ, नारळ तुमीच धरायचा. म्होरं. तुमी हलल्याबिगर पालखी हलनार न्हाई." मी दारातनं त्यांच्या तोंडाकडं बारीक बघत होते, ह्यात टोमणा कुठं आहे म्हणून. सापडला नाही. हे डाव्या हातात नारळ धरून काठीशिवाय देवळापासून पिंपळापर्यंत गेले. तिथं मुलानं खुर्ची ठेवली होती.

गोळी आता सकाळ-संध्याकाळ माझ्यासमोर होते. पाण्याचा तांब्या मी देते. गिळली की हे फौजेतल्या तपासणीसारखे ताठ बसतात आणि तोंड उघडून जीभ दाखवतात, वर, खाली, दोन्ही गालांत. सून म्हणते, "आत्या, पुरं की आता, त्यास्नी लाज वाटती." मी म्हणते वाटू दे. दाढीचा डबा अजून मी रोज उघडते. आत ब्रश असतो, पाती असतात, तुरटी असते.

काल सकाळी दाढी करताना माझ्याच हातानं त्यांच्या कानाखाली पातं लागलं. माझे डोळे आता पूर्वीसारखे नाहीत. रक्त आलं आणि मानेवरनं ओघळायला लागलं. मी तुरटी धरली. ओघळतच राहिलं. सून आतनं म्हणाली, "आत्या, चहा निवला." मी म्हणाले, निवू दे. ह्यांच्या दंडावर परवा खाटेची कड लागून पडलेला निळा डाग होता, अजून ताजा. मी एका हातानं तुरटी दाबून धरली आणि दुसऱ्या हाताचं बोट त्या डागावरनं फिरवत बसले.